किनाऱ्याची पायवाट

यशवंतपूर हे बंगळूर शहराच्या वायव्य भागातील ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथून पश्चिमेचा समुद्र सडकेने साडेतीनशे किलोमीटर दूर. महाराष्ट्रातून येणारा कांदा उतरवून घेणारी मोठी बाजारपेठ आणि चोहोंकडे गाड्या सोडणारे रेल्वेस्थानक, ही या ठिकाणाची ओळख. बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. तेव्हापासून या परिसरात मराठी बोलणारी घराणी नांदत आली आहेत. अशा पठारावरच्या गावी राहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ अधिक असते, आणि रजेच्या दिवसांत किनाऱ्याकिनाऱ्याने दूरवर पायी जाण्याचा बेत त्याच्या मनात सहज येतो.

नकाशा समोर पसरला की बेत फार सोपा वाटतो. हासन, सकलेशपूर, सुब्रह्मण्य या वाटेने घाट उतरून रेल्वेने कारवार गाठावयाचे. तेथून समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालू लागावयाचे. दिवसाला वीस किलोमीटर धरले, तर इतक्या दिवसांत वेंगुर्ले, इतक्या दिवसांत मालवण आणि इतक्या दिवसांत रत्नागिरी. कागदावर हा भागाकार बिनचूक असतो, परंतु प्रत्यक्ष वाटेवर तो पहिल्या दोन दिवसांतच कोलमडतो. तो का कोलमडतो, याचे उत्तर त्या किनाऱ्याच्या इतिहासात आहे.

प्रथम किनाऱ्याची लांबीच पाहू. महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, असे कित्येक पिढ्या शाळेत शिकत आल्या. केंद्र सरकारच्या दप्तरी हा आकडा दीर्घकाळ ६५२.६ किलोमीटर असा होता. जुन्या मोजणीवर आधारलेले हे आकडे अलीकडे नव्याने तपासण्यात आले आणि २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत महाराष्ट्राचा किनारा ८७७.९७ किलोमीटर ठरला. कर्नाटकाचा किनारा २८० वरून ३४३.३० वर गेला, आणि सबंध देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ वर. एवढ्या वर्षांत जमीन काही वाढली नव्हती. मोजण्याची पट्टी मात्र बारीक झाली होती. पूर्वी जेथे एका सरळ रेषेने काम भागवले होते, तेथे आता खाडीचे मुख, भूशिराचे टोक आणि आखाताचे वळण हिशेबात आले. कोकणात पायी फिरणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोणत्याही अहवालावाचून ठाऊक होती. त्याची पावले किनाऱ्याचे प्रत्येक वळण मोजीतच आली आहेत.

कोकणची भूमी सह्याद्री आणि सागर यांच्या मध्ये अरुंद पट्टीसारखी पसरलेली आहे. घाटमाथ्यावर कोसळणारे पावसाचे पाणी शंभर किलोमीटरांच्या आतच समुद्राला मिळते आणि मुखापाशी प्रत्येक नदीची खाडी होते. उत्तरेकडून पाहत आले, तर वसईची खाडी, धरमतरची खाडी, रेवदंड्याची कुंडलिका, जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, भाट्याची काजळी, पूर्णगडची मुचकुंदी, जैतापूरची खाडी, विजयदुर्गची वाघोटण, देवबागची कर्ली आणि तेरेखोल अशी ही माळ लागते. गोव्यात शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण. कारवारला काळी, आणि त्याखाली गंगावळी, अघनाशिनी, शरावती. दोन खाड्यांच्या मध्ये कोठे मऊ पुळण, तर कोठे थेट पाण्यात उतरणारा जांभ्या दगडाचा सडा. अशा प्रदेशात दक्षिणोत्तर वाट टिकणे कठीणच. म्हणून कोकणची प्राचीन वाहतूक पूर्वपश्चिम होती. सोपारा, चौल, दाभोळ या बंदरांतला माल घाट चढून देशावर जाई, आणि नाणेघाटातील सातवाहनांचे लेख त्या वाहतुकीची साक्ष आजही देतात. एका बंदरातून दुसऱ्या बंदरास जावयाचे, तर मनुष्य होडीत बसे. किनाऱ्याने पायी जाणे हा अपवाद होता आणि त्या अपवादासाठी फार मोठी तयारी लागे.

त्या तयारीचे एक चित्र चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने रेखाटले आहे. सन १३४२ नंतरच्या काळात तो या किनाऱ्यावर वावरला. होन्नावरच्या सुलतानाचा त्याने पाहुणचार घेतला आणि त्याच्या गोव्यावरील स्वारीतही तो सामील झाला. गोव्यापासून कोल्लमपर्यंतचा मार्ग दोन महिन्यांच्या चालीचा आहे, असे तो सांगतो. त्याच्या वर्णनाप्रमाणे साऱ्या वाटेवर झाडांची सावली होती आणि दर अर्ध्या मैलावर बाके असलेले एक लाकडी घर, त्यापाशी विहीर व वाटसरूंना पाणी देणारा मनुष्य होता. राजावाचून कोणी जनावरावर बसून जात नसे. एरवी सगळे पायी चालत किंवा डोलीतून जात, आणि व्यापाऱ्यांचे ओझे मजुरांच्या पाठीवर असे. चोरीला एवढी कडक शिक्षा होती की वाटेत पडलेल्या फळाला कोणी हात लावीत नसे.

आजच्या पदयात्रिकाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे. सावली, पाणी, विसावा आणि सुरक्षितता या चारही गोष्टी तेथे सहाशे ऐंशी वर्षांपूर्वी होत्या. तरीही स्वतः बतूताने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. कालिकतहून कोल्लमला जाण्यास जमिनीने दहा दिवस लागत आणि पाण्यानेही दहाच दिवस. त्याने पाण्याची वाट पत्करली. दिवसभर नावेतून जावे आणि रात्री काठावरच्या गावी मुक्काम करावा, असा त्याचा क्रम होता. वाट चांगली असली, तरी या किनाऱ्यावर पाणी टाळता येत नाही, एवढे त्या अनुभवी प्रवाशाने ओळखले होते.

हाच धडा मराठ्यांच्या इतिहासात अधिक ठळकपणे दिसतो. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजीमहाराजांनी आरमार घेऊन बसरूरवर स्वारी केली. तेथून परत येताना ते गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनासाठी उतरले. पुढे त्यांनी चार हजार पायदळ बरोबर घेऊन अंकोल्यावरून कारवारचा रस्ता धरला आणि आरमार माघारी पाठविले. मात्र सगळे आरमार पाठविले नाही. बारा गलबते त्यांनी मागे ठेवून घेतली. कशासाठी? वाटेतल्या नद्या उतरताना फौज पलीकडे पोहोचविण्यासाठी. २२ फेब्रुवारीच्या सुमारास ही फौज कारवारला आली, तेथील इंग्रज वखारीकडून खंडणी वसूल झाली आणि महाराज उत्तरेकडे निघून गेले.

बंदरे, तोफा आणि खंडणी यांच्या तपशिलात ही बारा गलबते सहसा दुर्लक्षिली जातात. परंतु किनाऱ्याने दूर पल्ला चालण्याची योजना कशी करावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. चार हजार चपळ माणसे, जवळचाच मुलूख आणि दिवस फेब्रुवारीचे, म्हणजे नद्यांना पूर नसलेले. तरीदेखील सेनापतीने आधी हिशेब केला तो नद्यांचा. कोठल्या दिवशी किती कोस चालावयाचे हा प्रश्न त्यानंतरचा.

टिपूच्या पाडावानंतर फ्रान्सिस बुकॅनन या वैद्यकी शिकलेल्या अधिकाऱ्याला कंपनी सरकारने म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांच्या पाहणीस पाठविले. एप्रिल १८०० मध्ये मद्रासहून निघून तो बंगळूर, श्रीरंगपट्टण असे करीत घाट उतरला आणि १८०१ च्या आरंभीचे कोरडे महिने साधून कानडाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे आला. त्याचा वृत्तांत १८०७ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पिके, जमिनी, जाती, बाजारभाव यांनी भरलेल्या त्या नोंदींमध्ये एक नदी उतरली की पुढली नदी येते, आणि त्याचा प्रवास खाडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोजला जातो. बंगळुराकडून येऊन हा किनारा चालणाऱ्यांसाठी त्याने ऋतूची निवड तरी नक्की करून ठेवली आहे. पावसाळा संपून ओढे आटले आणि ऊन कडक झाले नाही, असे ते दिवस.

खाडी उतरून देणारी जी होडी, तिला कोकणात तर म्हणतात. दोन्ही काठांवरच्या गावांचे बाजारहाट, लग्नकार्ये, शाळा, देवाच्या जत्रा हे सारे तरीवर अवलंबून असे. पलीकडून हाक आली की तरीवाला होडी सोडी. वाटसरूला त्याच्याकडून नुसते पलीकडे जाणे मिळत नसे, तर पुढची वाट पुळणीने मोकळी आहे की सड्यावरून जावे लागेल, विहीर कोठे आहे, रात्री देवळात उतरता येईल की नाही, ही माहितीही मिळे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याची वेळ मिळे.

ही वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा हिशेब तोंडी आहे आणि तो फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा तो भांग. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी पाण्याच्या चढउतारातील फरक चार मीटरांवर जातो, कारवारकडे तो दोन मीटरांच्या आसपास राहतो. त्यामुळे उत्तरेकडील किनाऱ्यावर ही वेळ चुकणे अधिक महागात पडते. ओहोटीत ओली, घट्ट झालेली पुळण सडकेसारखी चालावयास सोपी असते. भरतीत तीच पाण्याखाली जाते आणि माणसाला कोरड्या भुसभुशीत वाळूतून अथवा सुरूच्या बनातून पाय ओढावे लागतात. म्हणजे दिवसाची चाल किती, हे पायांच्या ताकदीपेक्षा तिथीवर अधिक ठरते.

विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध पदयात्राही अखेर समुद्राकडेच गेली. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून ७८ सहकाऱ्यांसह निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीस पोहोचले. आश्रमाचे संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे त्या तुकडीत होते. या यात्रेची आखणी किती काटेकोर होती, हे फारसे सांगितले जात नाही. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी पुढे जाऊन प्रत्येक गावाची पाहणी करी आणि मुक्काम, पाणी व साधे जेवण यांची व्यवस्था लावी. तरीसुद्धा मही नदीच्या मुखाजवळ कनकापुऱ्याला या शिस्तबद्ध यात्रेलाही पाण्यापुढे थांबावे लागले. रात्री चिखल तुडवून आणि भरतीची वाट पाहून मंडळी होडीतून पलीकडे गेली. पुढे मे १९३० मध्ये याच किनाऱ्यावर, वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस शिरोड्याला, मिठाचा सत्याग्रह झाला.

शिरोड्यापासून थोडे खाली तेरेखोलची खाडी आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत ती दोन राज्यसत्तांमधली सीमा होती. तिच्या उत्तर काठावरील किल्ला पोर्तुगिजांच्या ताब्यात असे, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पायी जाऊन तेथे तिरंगा फडकविला. त्या काळात वेंगुर्ल्याहून कारवारला किनाऱ्याने चालत जाणे हा सुटीतला विरंगुळा नसून तुरुंगाची वाट होती. आज गोव्याचा किनारा चालणाऱ्याला या गोष्टीची आठवण असलेली बरी.

किनाऱ्यावरच्या चालीला आनंदाचीही परंपरा आहे. १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर कारवारला आले होते. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते. एका चांदण्या रात्री मंडळी होडीतून काळी नदीत वर गेली. परतताना नदीमुखाशी आल्यावर समुद्राने घरी पोहोचण्यास फार वेळ लागेल, असे दिसले. तेव्हा होडी सोडून सर्वजण वाळूतून चालत घरी आले. ती रात्र कवीला जन्मभर विसरता आली नाही. मैल-दीड मैलांची ती चाल असेल, परंतु होडी कोठे सोडावी आणि पायी केव्हा निघावे, हा निर्णय तेथेही घ्यावा लागलाच.

या किनाऱ्यावर असा निर्णय चुकल्याच्याही आठवणी आहेत. कोकणी माणसाच्या कैक पिढ्यांनी मुंबईची वाट आगबोटीने केली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या अमावास्येच्या सुमारास, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी घरी निघालेली ती माणसे होती. कोकणातल्या पुष्कळ घरांतून आजही तिचे नाव निघते. पाऊस, उधाण आणि गर्दी यांपैकी एकाचाही हिशेब चुकला, तर हे पाणी क्षमा करीत नाही.

पुढे आगबोटी बंद पडल्या आणि सडका आल्या. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तिच्या सुमारे साडेसातशे किलोमीटरांच्या मार्गावर लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल बांधावे लागले. हा एकच आकडा कोकणच्या भूमीचे वर्णन करण्यास पुरेसा आहे. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडला गेला आहे. त्यावरील मोठ्या खाड्यांचे पूल पुरे व्हावयाचे आहेत. तोवर दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी मोटारींसह माणसांना नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. दाभोळहून धोपाव्याला पाण्याने काही मिनिटे लागतात. तेच चिपळूणवरून वळसा घातला, तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. पायी चालणाऱ्याला हे पाच-सहा दिवसांचे अंतर आहे.

पुलांनी कोकणचे हित झाले आहे, यात शंका नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेणारी आई किंवा परीक्षेला निघालेला मुलगा यांना तरीची वाट पाहत काठावर बसावे लागू नये, हे योग्यच आहे. परंतु पूल झाला की तर थांबते, आणि तर थांबली की तरीवाल्याचे पाण्याचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जात नाही. पूलही अजिंक्य नसतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुराने वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नाहीशा झाल्या. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कारवारला काळी नदीवरील जुना पूल कोसळला. पाण्यात पडलेल्या मालमोटारीच्या चालकाला वाचविण्यासाठी धावली ती काठावरचीच माणसे. संकटाच्या वेळी अखेर होडी आणि पाणी जाणणारा मनुष्य यांचाच आधार उरतो.

तेव्हा यशवंतपूरला बसून किनाऱ्याचा बेत आखणाऱ्याने भागाकाराने आरंभ करू नये. मराठी माणसाला दूरच्या चालीची शिस्त नवी नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या क्रमाने आळंदीची पालखी आजही ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मुक्कामी पोहोचते. परंतु ती वाट देशावरची आहे. तेथे मुक्काम आधी ठरतात आणि चाल त्यांच्या मागून येते. किनाऱ्यावर हा क्रम उलटा करावा लागतो. कागदावर पहिल्या रकान्यात खाड्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकीसमोर तर चालू आहे, पूल आहे की वळसाच आहे, हे त्या गावी विचारून नोंदवावे. दुसऱ्या रकान्यात पंचांग पाहून तिथी आणि तिची पाऊणपट लिहावी. मुक्काम तिसऱ्या रकान्यात. दिवस कार्तिक ते माघ या महिन्यांतले निवडावेत, आणि दर चार दिवसांमागे एक दिवस पाण्यासाठी मोकळा ठेवावा.

एवढे केल्यावर कारवार ते मालवण ही वाट दिसते तितकी अवघड राहत नाही. ज्या ज्या काठावर अद्याप तर चालते, तेथे पूल जवळ असला तरी तरीनेच पलीकडे जावे. त्यात पदयात्रिकाचे थोडे नाणे खर्च होईल, पण तरीवाल्याची एक खेप भरेल, आणि पाण्याची वेळ सांगणारे माणूस आणखी काही वर्षे त्या काठावर टिकेल. शिवाजीमहाराजांना बारा गलबते मागे ठेवावी लागली होती. आजच्या चालणाऱ्याचे काम एका होडीने भागते, फक्त ती त्या काठावर असावयास हवी.